इंग्रजी स्पेलिंगवरचा एक अन्याय्य आरोप

इंग्रजी ही नियम नसलेली भाषा आहे, हे मत आपल्याकडे चांगल्या शिकलेल्या लोकांतही पक्के रुजले आहे. उच्चार एक, स्पेलिंगे चार. 'राइट' म्हणजे लिहिणे, 'राइट' म्हणजे उजवा, 'राइट' म्हणजे धार्मिक विधी आणि 'राइट' म्हणजे कारागीरही. उलट मराठी जशी बोलतात तशी लिहितात, म्हणून आपले लेखन शास्त्रशुद्ध आणि त्यांचे मनमानी. हा झाला पूर्वपक्ष. त्याच्या पुष्ट्यर्थ हटकून एक दाखला दिला जातो: 'फिश' हा शब्द 'जी-एच-ओ-टी-आय' असाही लिहिता येईल, असे म्हणे बर्नार्ड शॉने सिद्ध केले.

आधी या दाखल्याचाच निकाल लावू. हे स्पेलिंग 1855 सालच्या एका पत्रात सापडते, आणि शॉ जन्मला 1856 साली. स्पेलिंग सुधारावे असा त्याचा आग्रह होता, नव्या वर्णमालेसाठी त्याने मृत्युपत्रात पैसेही ठेवले. पण ही कोटी त्याची नव्हे. शिवाय ती टिकतही नाही. 'जी-एच'चा 'फ' होतो तो 'रफ', 'इनफ' यांसारख्या शब्दांत, स्वरानंतर. शब्दाच्या आरंभी तो कधीच होत नाही. तिथे 'घोस्ट'मधल्यासारखा 'ग'च येतो. 'टी-आय'चा 'श' होण्यासाठी पुढे स्वर लागतो, जसा 'नेशन'मध्ये आहे. इंग्रजी वाचणारा माणूस ती पाच अक्षरे 'गोटी' अशीच वाचेल. नियमच नसते तर त्याला असे ठामपणे वाचता आले नसते.

आता एकाच उच्चाराचे शब्द घेऊ. रात्र या अर्थाचा 'नाइट' आणि सरदार या अर्थाचा 'नाइट' आज कानाला एक आहेत, पण दुसऱ्यातला आरंभीचा 'के' कुणी लहर लागली म्हणून चिकटवलेला नाही. जुन्या इंग्रजीत तो 'क' स्पष्ट उच्चारला जाई, आणि दोन्ही शब्दांतल्या 'जी-एच'च्या जागी 'ख'च्या जवळचा घर्षक ध्वनी होता. जर्मन भाषेत या शब्दांची भावंडे आजही 'क्नेख्त' आणि 'नाख्त' अशी वेगळी ऐकू येतात. इंग्रजांच्या तोंडून तो 'क' सतराव्या शतकाच्या सुमारास गळाला. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तो 1476 साली. छापखान्याने स्पेलिंगे हळूहळू स्थिरावत गेली आणि त्याच काळात, साधारण 1400 ते 1700 या तीन शतकांत, इंग्रजीतले दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडत होते. भेटणे या अर्थाचा 'मीट' दोन 'ई'ने लिहितात आणि मांसाचा 'मीट' 'ई-ए'ने, कारण ते दोन निराळे स्वर होते. मांसाचा स्वर 'ए'कडे झुकणारा होता. पुढे तो 'ई'त मिसळला. 'ग्रेट', 'ब्रेक', 'स्टेक' हे शब्द मात्र त्या वाटेने गेले नाहीत.

काही स्पेलिंगांत चुका आहेत, हे मान्यच करायला हवे. 'आयलंड'मधला 'एस' लॅटिनशी खोटे नाते जोडून घातला गेला आणि 'डेट'मधला 'बी' पंडितांनी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी बसवला. पण म्हणून सगळा व्यवहारच मनमानी ठरत नाही.

आणि मराठी बोलतो तशीच लिहितो, हे तरी कितपत खरे? 'महाराष्ट्र दिन' म्हणताना बहुतेकांच्या तोंडून 'दीन'च येते. 'गुण'चा उच्चार 'गूण' होतो. मराठी शब्दांत अशा जागी आपण दीर्घ लिहितो, 'फूल' आणि 'मीठ' तसेच आहेत. 'दिन', 'गुण' मात्र ऱ्हस्व लिहितो, कारण ते संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांनी हा भेद कायम ठेवला, आणि त्यामुळेच दिवस आणि गरीब हे दोन अर्थ कागदावर वेगळे राहिले. 'मीट'चे दोन अर्थ राखणारे तत्त्व हेच नव्हे काय? 'जप' या एकाच लेखनात तर आपण नामस्मरण आणि 'सांभाळ' ही आज्ञा असे दोन उच्चार दडवतो.

लेखन सरळ उच्चाराप्रमाणे करा म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उच्चार कुणाचा धरायचा? खाट या अर्थाचा 'कॉट' आणि पकडले या अर्थाचा 'कॉट' कॅनडात एक, तर लंडनमध्ये वेगळे. उलट कॅनडात वेगळे असणारे हा दुसरा 'कॉट' आणि 'कोर्ट' लंडनमध्ये एक. आज दोघेही तेच पुस्तक वाचतात, ते स्पेलिंग कुणा एकाच्या उच्चाराला बांधलेले नाही म्हणून.

समान उच्चारांच्या या गोंधळात आपण आपली भरही घातली आहे, आणि मला खरी काळजी तिची वाटते. विकणे, पेशी, विक्री आणि जहाजाचे शीड हे चारही शब्द आपण देवनागरीत 'सेल' लिहितो. इंग्रजीत पहिले दोन एका उच्चाराचे आणि पुढचे दोन दुसऱ्या. 'पेन' म्हणजे लेखणीही आणि वेदनाही, 'टेस्ट' म्हणजे चाचणीही आणि चवही, हा घोटाळा इंग्रजीचा नाही. आपल्या 'ए'च्या एकाच मात्रेत त्यांचे दोन स्वर कोंबल्याने तो होतो, आणि दोष मात्र इंग्रजीला लागतो. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आले. तेव्हापासून लाखो मुलांना हे उच्चार देवनागरीच्या गाळणीतूनच मिळत आहेत.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना आणि गाइडे लिहिणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: समान उच्चारांच्या याद्या छापण्याआधी ते उच्चार खरोखर समान आहेत का, हे चांगल्या शब्दकोशात पाहा. आणि 'साइन'मधला मुका 'जी' घोकून घेण्याऐवजी शेजारी 'सिग्नेचर' लिहून दाखवा, 'मसल'मधल्या 'सी'शेजारी 'मस्क्युलर' लिहा. तिथे तीच अक्षरे उच्चारली जातात, हे मुलांना स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.