'विवाह' की 'सिव्हिल युनियन'? ओबामांच्या भूमिकेचा सोळा वर्षांचा प्रवास

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या २००८ सालच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार बराक ओबामा यांनी समलिंगी जोडप्यांच्या प्रश्नावर मध्यममार्ग स्वीकारला होता. या जोडप्यांना पती-पत्नीइतकेच कायदेशीर हक्क मिळावेत, मात्र त्या नात्याला 'विवाह' न म्हणता 'सिव्हिल युनियन' म्हणावे, अशी ही भूमिका होती. नावाचा हा भेद केवळ शाब्दिक आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढील सात वर्षांतील घडामोडींनी हा समज खोटा ठरविला.

सिव्हिल युनियन म्हणजे राज्य सरकारकडे नोंदविलेले सहजीवन. राज्याच्या न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर व्हरमाँट राज्याने २००० साली अशा नोंदणीचा कायदा केला आणि गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. वारसा, दत्तकविधान, रुग्णालयातील निर्णयाधिकार आदी बाबतींत राज्यापुरते हक्क त्यातून मिळाले. मॅसॅच्युसेट्सने त्याच्याही पुढे जाऊन १७ मे २००४ पासून समलिंगी जोडप्यांना प्रत्यक्ष विवाहाचा परवाना दिला.

मात्र प्राप्तिकर, सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन आणि परदेशी जोडीदाराचे वास्तव्य हे विषय वॉशिंग्टनच्या अखत्यारीत येतात. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९९६ मध्ये स्वाक्षरी केलेल्या 'डिफेन्स ऑफ मॅरेज' कायद्यानुसार, केंद्राच्या दृष्टीने विवाह केवळ स्त्री आणि पुरुष यांच्यातच होऊ शकत असे. वैवाहिक स्थितीशी निगडित असलेल्या केंद्रीय तरतुदींची संख्या २००४ च्या सरकारी मोजणीनुसार १,१३८ होती. या साऱ्यांपासून समलिंगी जोडपी वंचित होती.

ओबामांची सुरुवातीची भूमिका वेगळी होती. इलिनॉय राज्याच्या सिनेटसाठी १९९६ मध्ये उभे असताना शिकागोतील एका समलिंगी नियतकालिकाच्या प्रश्नावलीत त्यांनी समलिंगी विवाहाला नि:संदिग्ध पाठिंबा दिला होता. १९९८ मध्ये त्याच प्रश्नावर त्यांचे उत्तर 'अनिर्णित' असे होते. ऑगस्ट २००८ मध्ये कॅलिफोर्नियात धर्मोपदेशक रिक वॉरन यांच्यासमोर झालेल्या जाहीर संवादात मात्र विवाह हा स्त्री-पुरुषांतील पवित्र बंध असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच वेळी समलिंगी विवाहावर बंदी आणणाऱ्या घटनादुरुस्तीला त्यांनी विरोध दर्शविला. १९९६ चा केंद्रीय कायदा रद्द करण्याचे आश्वासनही त्यांनी प्रचारात दिले होते. ज्या दिवशी ते अध्यक्षपदी निवडून आले, त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी विवाहबंदीचा 'प्रस्ताव ८' संमत केला. त्या प्रस्तावालाही ओबामांचा विरोध होता.

या मध्यममार्गातील उणीव लवकरच दिसू लागली. न्यू जर्सी राज्याने नेमलेल्या आयोगाने डिसेंबर २००८ मध्ये असा निष्कर्ष काढला, की सिव्हिल युनियनमुळे प्रत्यक्षात समान वागणूक मिळत नाही. रुग्णालयांत आणि नोकरीच्या ठिकाणी जोडप्यांना आपले नाते काय आहे, हे प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागत होते. 'विवाहित' या एका शब्दाने जे सहज साधते, त्यासाठी त्यांना कागदपत्रे दाखवावी लागत होती.

अध्यक्ष झाल्यानंतर २०१० मध्ये ओबामांनी आपले मत 'उत्क्रांत होत' असल्याचे सांगितले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांच्या प्रशासनाने १९९६ च्या कायद्याचे न्यायालयात समर्थन करणे थांबविले. मे २०१२ मध्ये उपाध्यक्ष जो बायडेन यांनी दूरचित्रवाणीवर समलिंगी विवाहाबाबत अनुकूल मत मांडले. ८ मे रोजी नॉर्थ कॅरोलिनाच्या मतदारांनी विवाहच नव्हे, तर सिव्हिल युनियनलाही बंदी करणारी दुरुस्ती मंजूर केली. दुसऱ्या दिवशी 'एबीसी'च्या मुलाखतीत ओबामांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा जाहीर केला. पदावर असताना असे करणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ठरले.

हे मतपरिवर्तन होते की राजकीय सोय, याविषयी मतभेद आहेत. त्यांचे सल्लागार डेव्हिड अॅक्सेलरॉड यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहिले, की ओबामा खासगीत विवाहहक्काच्या बाजूचे होते. मात्र कृष्णवर्णीय चर्चमधील विरोध लक्षात घेऊन त्यांनी जाहीर भूमिका मवाळ ठेवली. आपल्या वैयक्तिक भावना आणि धोरणात्मक भूमिका यांची अॅक्सेलरॉड यांनी गल्लत केली, असे उत्तर ओबामांनी दिले.

नावाचे महत्त्व २०१३ मध्ये अधिकच स्पष्ट झाले. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांनी आपल्या जोडीदार थिया स्पायर यांच्याशी कॅनडात विवाह केला होता. स्पायर यांच्या निधनानंतर विंडसर यांना ३,६३,०५३ डॉलर इतका केंद्रीय वारसा कर भरावा लागला. पती-पत्नीला तो माफ असे. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१३ रोजी १९९६ च्या कायद्यातील संबंधित कलम घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर केंद्रीय करखात्याने विवाहित समलिंगी जोडप्यांना मान्यता दिली, पण सिव्हिल युनियन केलेल्यांना दिली नाही. नाव वेगळे ठेवून हक्क समान देण्याचा मार्ग येथे खुंटला. २६ जून २०१५ च्या निकालाने समलिंगी विवाह देशभर वैध ठरला. डिसेंबर २०२२ मध्ये, बायडेन राष्ट्राध्यक्ष असताना, १९९६ चा कायदा रद्द करण्यात आला.

हाच पेच भारतातही उभा राहिला. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात बदल सुचविणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे एकमताने सांगितले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल हे सिव्हिल युनियनच्या हक्काला अनुकूल होते. पण तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तोही नाकारण्यात आला. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. ओबामांनी २००८ मध्ये तडजोड म्हणून जे देऊ केले होते, तेही या निकालाने भारतातील जोडप्यांना मिळाले नाही.