घरफोडीचें अपील आणि ज्यूरीचा निवाडा

मुळशी तालुक्यांत मोसे नदीच्या खोऱ्यांत आज लवासा नगर उभें आहे. इंग्रजी अमदानींत त्या डोंगरी मुलखांतील एखाद्या घरास रात्रीं भोक पडून दागिना गेला, तर गंभीर खटला पुण्याच्या सेशन्स कोर्टापर्यंत जाई. चोरीच्या उद्देशानें रात्रीं केलेल्या घरफोडीस दंडसंहितेच्या ४५७ व्या कलमान्वयें १४ वर्षांपर्यंत कैद होती. गरिबाचें अर्धें आयुष्य तेथेंच संपावयाचें!

ज्या जिल्ह्यांत व ज्या गुन्ह्यांस सरकारनें ज्यूरी लागू केली असेल तेथें निवाडा ज्यूरीचा. एरवीं असेसर बसत, परंतु त्यांचें मत जज्जास बंधनकारक नसे. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ४१८ व्या कलमानें ह्या भेदास मोठें महत्त्व आलें. असेसरांसमोरील खटल्यांत पुरावा व कायदा या दोहोंवर अपील चाले. ज्यूरीच्या खटल्यांत मात्र केवळ कायद्याच्या मुद्द्यावर. साक्षीदार खोटें बोलला, ही तक्रार हायकोर्टांत करून उपयोग नसे. लोकांच्या हक्कांचा कोट म्हणून वाखाणलेली ज्यूरी शिक्षा झालेल्यास अशी आडवी येई.

मग वकील जज्जाच्या भाषणाचा शब्दन् शब्द चाळीत. चोरीनंतर लगेच मुद्देमाल कोणाजवळ सांपडला व त्यास त्याचा खुलासा करतां आला नाहीं, तर पुराव्याच्या कायद्याच्या ११४ व्या कलमाप्रमाणें त्यास चोर ‘मानतां येई’. जज्जानें ‘मानलेंच पाहिजे’ असें ज्यूरीस सांगितलें, तर ती दिशाभूल ठरे. आणि तिच्यामुळें निवाडा चुकला असेल तरच ४२३ व्या कलमाखालीं तो फिरवितां येई.

अशा शब्दवादाचें सर्वांत गाजलेलें उदाहरण घरफोडीचें नव्हे, राजद्रोहाचें आहे. १८९७ सालीं मुंबई हायकोर्टांत ज्यूरीनें लोकमान्य टिळकांस सहा विरुद्ध तीन मतांनीं दोषी ठरविलें. ‘अप्रीति’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ज्यूरीस सांगितला होता. त्यावरील आक्षेप आस्क्विथ यांनीं प्रिव्ही कौन्सिलपुढें मांडला; पण अपिलाची परवानगी मिळाली नाहीं. हायकोर्टानेंच ज्यूरीसह चालविलेल्या खटल्यांवर रीतसर अपिलाची सोय १९४३ सालीं झाली. म्हणजे सेशन्स कोर्टांत दोषी ठरलेल्या घरफोड्यास जो हक्क होता, तो टिळकांस नव्हता!

१९७३ च्या संहितेंत ज्यूरीस स्थान उरलें नाहीं. त्या संहितेखालीं घरफोडीच्या अपिलांत साक्षीदाराचा खरेखोटेपणाहि पुन्हा तपासतां येई.