नरक्या: नाकाला नकोसा, बाजाराला हवासा

राधानगरी-दाजीपूरपासून आंबा-चांदोलीपर्यंतच्या रानात ऐन पावसाळ्यात नरक्या फुलतो, तेव्हा तो डोळ्यांआधी नाकाला कळतो. पिवळट, बारीक फुलांचे झुबके, कुजका दर्प आणि भोवती घोंगावणाऱ्या माश्या. जॉन ग्रॅहॅमने १८३९ च्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या यादीत त्याची नोंद केली. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे बाजाराने त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही.

त्याचे नशीब पालटले ते परदेशात. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी या संशोधकांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. या जोडीतले मनसुख वाणी नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले, तेही भरपूर.

पण या द्रव्याच्या माणसांवरच्या पहिल्या चाचण्या सत्तरच्या दशकात थांबवाव्या लागल्या. रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, रक्तपेशी घटल्या, जुलाब आवरेनात. मूळ रेणूत बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे घडवली गेली. अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. ही औषधेही रक्ताची तपासणी करत, मोजून-मापून दिली जातात.

इकडे मागणी वाढली तशी कुऱ्हाड चालली. द्रव्य खोडाच्या सालीत आणि मुळांत जास्त. म्हणून फांदी छाटून भागत नाही, झाड मुळासकट उपटले जाते. नरक्याची चोरटी तोड आणि तस्करी ही कोल्हापूरच्या वनखात्याची जुनी डोकेदुखी आहे.

आता ‘कॅन्सरवरचे झाड’ म्हणून त्याची साल उकळून प्यावी असे कुणी सुचवले, तर एक ध्यानात घ्यावे. बिब्बा जहाल असतो हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घोळून, शुद्ध करूनच वापरतात. नरक्याची कीर्ती मात्र आजीच्या बटव्यातून नव्हे, प्रयोगशाळेतून आली. त्याचे शोधन, मात्रा, पथ्य यांचा वारसा आपल्याकडे नाही. एका सालीत द्रव्य किती, हेही नजरेने कळत नाही. म्हणून नरक्याचा काढा घेऊ नये, कुणाला देऊही नये. उपचार कर्करोगतज्ज्ञांकडेच घ्यावेत आणि झाड रानातच राहू द्यावे.