बिबा उतला का?

आमच्या वऱ्हाडात कातडीच्या दुखण्यावर पहिलं औषध बिबा. डॉक्टर मागाहून. टाचेला भेग पडली की आजी बिबा दाभणाला टोचून चिमणीवर धरायची. चरचर करत काळं तेल सुटलं की त्याचा चटका थेट भेगेत. थेंब बाजूला सांडला तर बिबा उतायचा. खाज, सूज, पाण्यानं भरलेले फोड. मग उतारा म्हणून खोबरं वाटून लावायचं. रडलो की आजीचं ठरलेलं, ‘‘उतला त उतला, लागू त पडला!’’

याच तेलानं वरठी कपड्यांवर खुणा करी. त्या भट्टीतही जात नसत. इंग्रजांनी तर या फळाला नावच खुणेचं दिलं. वाशिम १९९८ पर्यंत आमच्याच अकोला जिल्ह्यात होतं. तिकडे बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात मी पाहिलेत. काळे पडलेले, चट्ट्याचट्ट्यांचे. हिवाळ्यात लाडवात गोडंबी लागते ना, ती अशी येते. कातडी पेटते ती तेलातल्या भिलावनॉल द्रव्यांनी. चांगली कातडी कोणती, बिघडलेली कोणती, हे त्यांना कळत नाही.

मी कापसाचा ग्रेडर. एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांनी लागलो. गाड्यांच्या रांगेत उभं राहून कापसाचा पुंजका घ्यायचा, धागा चिमटीत ओढून लांबी पाहायची. शेतकऱ्यांच्या डोक्याला दुपट्टा. मी बोडका, साहेबी थाटात. त्यात जन्माचा भुरा. सावळ्या कातडीला उन्हाचा कर्करोग क्वचितच होतो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ साली आपल्याकडचा एक वेगळाच कर्करोग नोंदवला होता, धोतर वर्षानुवर्षं कमरेला काचून होणारा. उन्हापेक्षा धोतर जड गेलं म्हणायचं!

माझ्या नाकावरचा डाग मात्र उन्हाचाच. डोळ्यांआधी बोटाला लागला, पॉलिश पेपरसारखा खरखरीत. तुकडा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘काका, हा कर्करोग नाही, पण त्या वाटेवर आहे.’’ पाच टक्क्यांचं फ्लोरोयुरॅसिल मलम दिलं. दिवसातून दोनदा, तीन आठवडे. लाल होईल, सोलेल. मधेच सोडायचं नाही.

हे औषध १९५७ मधलं. अमेरिकेत चार्ल्स हायडलबर्गर यांनी युरॅसिलला फ्लोरिनचा एक अणू जोडला. पेशी फसून ते घेते आणि थायमिन बनवणारं तिचं यंत्रच अडकून बसतं. भराभर वाढणाऱ्या पेशी त्यात आधी मरतात. ते कातडीवर चालतं, हे कळलं मात्र योगायोगानं. पोटातल्या वगैरे कर्करोगासाठी ते शिरेतून घेणाऱ्यांच्या अंगावरचे उन्हाचे डाग आधी लाल झाले, मग गेले. १९६२ साली ही नोंद छापून आली आणि १९७० मध्ये अमेरिकेत मलमाला मंजुरी मिळाली. वरवरच्या बेसल सेल कर्करोगावरही ते देतात, फक्त जास्त आठवडे.

दुसऱ्या आठवड्यात नाक पेटलं. गंमत अशी, की ज्या जागा मला साफ वाटत होत्या तिथेही लाल ठिपके उमटले. शेजारची चांगली कातडी बरीचशी शांत. बिब्याला हे कधी जमलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात फाटकाशी उभा होतो. शेजारची म्हातारी थबकली, नाकाकडे पाहत राहिली.

‘‘काहून भाऊ, बिबा उतला का?’’

एवढं सगळं तिला कुठून सांगणार? ‘‘हो,’’ म्हटलं.

संध्याकाळी तिनं नातवाच्या हाती वाटीभर वाटलेलं खोबरं पाठवलं.