कुसळ, मुसळ आणि पाचूबंदरची मासळी

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या अध्यायात एक आकडा येतो : १५३. रात्रभर जाळी टाकूनही हाती काही न लागलेल्या शिष्यांना पहाटे किनाऱ्यावरून हाक येते, जाळे पुन्हा पाण्यात जाते आणि १५३ मोठे मासे घेऊन वर येते. किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी भाजत असते आणि मरणातून उठलेला ख्रिस्त दमलेल्या माणसांना न्याहारीला बोलावतो. या आकड्याचे गूढ अर्थ धर्मपंडित शतकानुशतके लावत आले. त्याचा पहिला, साधा अर्थ मात्र वसई किल्ल्याजवळच्या पाचूबंदरला कुणी समजावून सांगावा लागत नाही. उधाणाला डोलीच्या जाळ्यात काय येते आणि भांगाला काय, यावर जिथे घर चालते, तिथे चमत्कार झाला तरी मासळी मोजायची राहत नाही हे नाखव्याला ठाऊक असते, आणि ती बाजारात विकणाऱ्या कोळणीला त्याच्याही आधी ठाऊक असते. ही गोष्ट ऐकताना ओठावर ओळखीचे हसू येते. ते हसू श्रद्धेला हलके करते की श्रद्धेला घरात वाट करून देते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की धर्मगुरूचे हसरे, घरगुती बोलणे ही उपदेशातली सवलत नव्हे. मराठी मुलखात ख्रिस्ती श्रद्धा मुळे धरून राहिली, त्यात या बोलण्याचा वाटा फार मोठा आहे.

याचा पहिला पुरावा चारशे वर्षांपूर्वीचा आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतल्या रायतूर इथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ लिहिण्याचे कारण त्यांनी आरंभीच सांगितले आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला काही देणार की नाही, असे नवख्रिस्ती श्रोत्यांनी विचारले. प्रश्न सिद्धान्ताचा नव्हता, संध्याकाळचा होता. दिवेलागणीला घरात काय वाचायचे, पोराबाळांना काय ऐकवायचे, हे ऐकणाऱ्याला हवे होते. स्टीफन्स यांनी त्याला ओवीतून उत्तर दिले. जात्यावरची आणि ज्ञानेश्वरांची ओवी ख्रिस्ताच्या कथेला मिळाली, आणि परका धर्म घरच्या लयीत बोलू लागला.

दुसरा पुरावा एका जोडशब्दाचा आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातला बारीकसा कण दिसतो, पण आपल्या डोळ्यातली तुळई दिसत नाही, असा येशूचा दृष्टान्त आहे. मूळ ग्रीकमध्ये ती खरोखरच घराच्या छपराची तुळई आहे. बोलणारा सुताराच्या घरातला होता. मराठी बायबलात मात्र कुसळ आणि मुसळ आले. दोन्ही शब्द एकाच घरातले : कुसळ धान्याचे, मुसळ ते धान्य कांडण्याचे. आज ही जोडी सगळेच म्हण म्हणून वापरतात आणि ती बायबलातही आहे, हे अनेकांच्या ध्यानीमनी नसते. डोळ्यात मुसळ घेऊन फिरणारा माणूस नजरेपुढे आणला, की हसू येतेच. ते ओसरता ओसरता आपला हात आपल्याच डोळ्याकडे जातो. धर्मोपदेशाला याहून जास्त काय साधायचे असते?

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो खरा आहे. वसईत ख्रिस्ती धर्म केवळ ओव्यांनी आला नाही. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षे धर्मामागे किल्ला, तोफा आणि सत्ता उभ्या होत्या. ते झाकून या परंपरेचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण याच इतिहासाचा दुसरा अर्धाही पाहायला हवा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि सत्तेचा तो आधार गेला. किल्ल्यातली भव्य ख्रिस्तमंदिरे ओस पडली. त्यांच्या उघड्या भिंती आजही उभ्या आहेत. गावांतली ख्रिस्ती माणसे मात्र राहिली आणि त्यांची श्रद्धाही राहिली. केवळ सत्तेने लादलेली गोष्ट सत्तेबरोबर जाते. जी राहिली, ती घराच्या आधाराने राहिली : नाताळच्या फराळात, लग्नाच्या गाण्यांत, झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत. वसईत चर्चला ‘देऊळ’ म्हणतात. हा शब्द कुठल्या फर्मानाने आलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असतो, मग संसारावर त्याने काय म्हणून बोलावे? इथे प्रोटेस्टंट घराची साक्ष उपयोगी पडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी काही वर्षांनी, १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्या घराची कथा लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितली. हाती येईल ते देऊन टाकणारा नवरा, सोवळ्याओवळ्याचा सुटता न सुटणारा पीळ, घरात येऊन राहणारी परकी मुले, हे सगळे त्यांनी हसत लिहिले. आणि सगळ्यात जास्त त्या स्वतःला हसल्या. फुलामुलांचे कवी असलेल्या टिळकांचे मोठेपण त्या हसण्याने कुठेही उणे झाले नाही. आपल्या विषयाला यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते : धर्मगुरूच्या संसाराचे उत्तम चित्र स्वतः धर्मगुरूने काढलेले नाही, त्याच्या चुलीपाशी बसलेल्या बाईने काढले. म्हणजे अधिकार पदाचा नसतो, जवळून पाहण्याचा असतो. अविवाहित धर्मगुरूलाही तो मिळवता येतो. बाप्तिस्मा, लग्न, आजारपण, अंत्यविधी अशा प्रत्येक वळणावर तो घरात येतो. दर्यावर गेलेली होडी वेळेवर परतली नाही तर किनाऱ्यावर माणसांमध्ये उभा राहतो. त्याला संसार नाही, पण गावातला एकही संसार त्याला परका नाही. मात्र हा अधिकार त्याला पुन्हा पुन्हा मिळवावा लागतो. झग्याबरोबर तो शिवून येत नाही.

विसाव्या शतकात ही वाट रुंद झाली. तोवर प्रवचन लोकभाषेत असले, तरी मिस्सा लॅटिनमध्येच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेची दारे लोकभाषांना उघडली आणि वेदीवरूनही मराठी ऐकू येऊ लागली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच काळात घडले. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले आणि धर्माशेजारीच समाज, साहित्य, वसईची हिरवाई यांना जागा दिली. ‘सुबोध बायबल’मधून त्यांनी शास्त्र रोजच्या मराठीत आणले. २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा हा मान एका लेखकाइतकाच स्टीफन्सपासूनच्या एका वहिवाटीचाही होता.

तिसरा आक्षेप गांभीर्याचा : हसण्याने देवाचा धाक जातो. मराठी माणसाने तरी हा आक्षेप सहज मान्य करू नये. एकनाथांच्या भारुडात सासू, नणंद, दादला सगळे येतात आणि त्यांच्याच हातून परमार्थ सांगितला जातो. कीर्तनकार हसवतो तो श्रोता जागा राहावा म्हणून आणि मन मऊ झाले की मर्माची गोष्ट सांगतो. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन आपलेसे केले, ते ही ताकद ओळखूनच. तरीही आक्षेपात एक सत्य आहे. वेदीवरून सुनेवर, बायकांच्या बोलण्यावर, गरिबाच्या अडाणीपणावर केलेला विनोद वाईट, कारण ज्याच्यावर तो होतो त्याला तिथे उत्तर देता येत नाही. कसोटी लक्ष्मीबाईंनी घालून दिली आहे : आधी स्वतःला हसावे. कुसळ-मुसळाचा दृष्टान्तही तेच सांगतो.

म्हणूनच पाचूबंदरसारख्या गावात या बोलण्याची परीक्षा रोज होते. वलांडीवर बोंबील वाळत असतात, डिझेलचा हिशेब मनात असतो, आणि समोर बसलेल्या माणसाला पेत्राचे रिकामे जाळे उपमा म्हणून ऐकायचे नसते. काल रात्री त्याचेही रिकामेच आले होते. त्याच्याशी बोलणाऱ्या धर्मगुरूला मासळीचे भाव, भरतीची वेळ आणि घरातली काळजी ठाऊक असेल, तरच त्याच्या विनोदावर तो हसेल आणि त्याच्या आशेवर विश्वास ठेवील. शुभवर्तमानाने हा क्रम केव्हाच दाखवून ठेवला आहे. त्या पहाटे किनाऱ्यावर आधी मासळी मिळाली का याची चौकशी झाली, मग न्याहारी झाली, आणि ‘माझी मेंढरे सांभाळ’ ही मोठी गोष्ट पेत्राला सांगितली गेली ती सगळ्यांचे खाऊन झाल्यावर.