यासी : पीअर-टू-पीअर शोधयंत्र

मध्यवर्ती सर्व्हरशिवाय चालणारे मुक्तस्रोत शोधयंत्र. जर्मन संगणकतज्ज्ञ मिखाएल क्रिस्टन यांनी डिसेंबर २००३ मध्ये त्याची घोषणा केली. ते जावा भाषेत लिहिलेले असून जीपीएल परवान्याखाली मोफत मिळते. ज्या संगणकावर यासी बसवले, तो संगणक स्वतः वेबपाने वाचतो, त्यांची सूची करतो आणि जाळ्यातल्या इतर संगणकांशी ती वाटून घेतो. २८ नोव्हेंबर २०११ रोजी १.० ही आवृत्ती आली, तेव्हा यासी चालवणारे सुमारे ६०० जण, १४० कोटी दस्तऐवज आणि रोजचे १,३०,००० शोध असे आकडे जाहीर झाले होते. बड्या कंपन्यांच्या शोधयंत्रांना जागतिक पर्याय उभा करायचा, अशी तेव्हाची आकांक्षा होती. त्यानंतर या प्रणालीत झालेले बदल मात्र वेगळ्या दिशेला नेणारे आहेत. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांच्या गरजांवर ते घासून पाहिले, तर हीच दिशा जास्त खरी वाटते. सगळ्या जगाची सूची करण्यापेक्षा एका मुलखाची सूची त्या मुलखाच्याच हाती ठेवण्यात यासीचे मोल अधिक आहे.

मूळ रचना वितरित हॅश तक्त्यावर उभी आहे. प्रत्येक शब्दाचे ठरावीक पद्धतीने एका छोट्या सांकेतिक अक्षरमालेत रूपांतर होते. त्या मालेवरून शब्दाची जागा एका काल्पनिक वर्तुळावर ठरते आणि त्या जागेच्या जवळचे संगणक त्या शब्दाच्या नोंदी सांभाळतात. कुणा एकाकडे सगळी सूची नसल्याने ती कुणा एकाला बंदही पाडता येत नाही. मराठीला मात्र ही योजना जड जाते. ‘वेल्हे’, ‘वेल्ह्यात’, ‘वेल्ह्याला’ आणि ‘वेल्ह्याचा’ ही एकाच गावाच्या नावाची रूपे आहेत हे हॅशला कळत नाही. एका अक्षराचा फरक पडला की संकेत पूर्ण बदलतो आणि ही चार रूपे चार वेगळ्या ठिकाणी जाऊन पडतात. इंग्रजीत शब्दाची रूपे मोजकी, म्हणून तिथे हा तोटा सोसवतो. सामान्यरूप होऊन वर विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय लागणाऱ्या भाषेत शोधणाऱ्याच्या हाती सूचीचा एक तुकडाच लागतो.

म्हणूनच २०१२ च्या सुमारास अपाची सोलर हे शोधतंत्र यासीच्या पोटात आले, तो सगळ्यांत मोठा बदल मानायला हवा. त्यानंतर प्रत्येक संगणकाकडे त्याने स्वतः वाचलेल्या दस्तऐवजांची पूर्ण सूची राहू लागली आणि तिच्यावर भाषेचे संस्कार करण्याची वाट खुली झाली. सोलर ज्यावर उभे आहे त्या ल्युसीन संचात हिंदी आणि बंगालीसाठी तयार विश्लेषक आहेत. मराठीसाठी तसा नाही. ती उणीव काही अंशी भरून काढणारी सोय यासीतच आहे, ती म्हणजे समानार्थी शब्दांची फाइल. एका ओळीत स्वल्पविरामाने शब्द लिहायचे. त्यातला एक आला की सूचीत बाकीचेही जोडले जातात. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. जुने दाखले, निविदा, शाळांचे अहवाल वेल्ह्याच्या नावाने आहेत, नवे राजगडच्या नावाने येतील. ‘वेल्हे, वेल्ह्यात, वेल्ह्याचा, राजगड’ ही एक ओळ स्थानिक सूचीत दोन्ही काळ जोडते. हीच ओळ जागतिक सूचीत घातली तर अनर्थ होईल, कारण तिथे राजगड म्हणजे किल्लाही आहे आणि मध्य प्रदेशातला जिल्हाही. भोरजवळच्या येळवंडी नदीवरच्या धरणाचेही तसेच. १९२८ मध्ये पूर्ण झालेले हे धरण जुन्या कागदांत लॉइड धरण, बोलण्यात भाटघर आणि सरकारी फलकावर येसाजी कंक जलाशय. कोणते नाव कोणत्या नावाशी जोडायचे, हा निर्णय त्या भागाची माहिती असणाऱ्यानेच घ्यावा, आणि तो घेता येण्यासाठी यंत्र त्याच्या ताब्यात हवे.

त्यानंतरच्या बदलांचा ओघही स्थानिक सूचीकडेच आहे. यासी आता केवळ वेबवर अवलंबून नाही. कार्यालयातल्या सामायिक फोल्डरची सूची करणारी अंतर्गत जाळ्याची रीत, जतन केलेल्या वेबपानांच्या वॉर्क फाइली, विकिपीडियाचे संच आणि अलीकडे झिम या ऑफलाइन वाचनाच्या फाइली आत घेण्याची सोय त्यात आहे. इंटरनेट तुटलेले असतानाही मराठी विकिपीडिया शोधता यावा, ही गोष्ट ऐन पावसाळ्यात मढे घाटाच्या किंवा वरंध घाटाच्या बाजूच्या शाळेला किती उपयोगाची आहे, हे वेगळे सांगायला नको. अडथळेही सांगितले पाहिजेत. श्रीलिपी किंवा कृतिदेव टंकातल्या जुन्या पीडीएफमधून यंत्राला देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे मिळतात. स्कॅन केलेला फेरफार किंवा भोर संस्थानच्या काळातला मोडी कागद त्याच्या लेखी कोरे चित्र असते. आधी युनिकोड रूपांतर आणि अक्षरओळख, मग सूची, असाच क्रम ठेवावा लागतो. आणखी एक बारकावा आहे. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी या खुणा अक्षरांच्या वर्गात नसून जोडचिन्हांच्या वर्गात मोडतात. शब्द वेगळे करणारा कोड फक्त अक्षरवर्ग ओळखत असेल, तर ‘वेल्हे’चे तुकडे पडतात. कोणतीही आवृत्ती बसवली की पहिली चाचणी याच शब्दाची घ्यावी.

यावर पहिला आक्षेप असा, की गूगल असताना हा खटाटोप कशाला. जगभरच्या प्रश्नांसाठी यासी त्याच्या जवळपासही पोचत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण लोकप्रियतेवर झुकणारी क्रमवारी लहान मुलखाला न्याय देऊ शकत नाही. पानशेत धरण वेल्हे तालुक्यात आहे. तरी ‘पानशेत’ म्हटले की १२ जुलै १९६१ चा पुण्यातला पूर आणि शनिवार-रविवारचे पर्यटन यांचाच बोलबाला राहणार, कारण वाचणारे आणि दुवे देणारे शहरात आहेत. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना हवा असलेला पुनर्वसनाचा कागद त्या गर्दीत तळाला जातो. यासीत क्रमवारीचे निकष चालकाला दिसतात आणि बदलता येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भारतीय भाषांसाठी हे काम संस्थांनी केलेलेच आहे. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखालील प्रकल्पातून ‘संधान’ हे शोधयंत्र निघाले. पर्यटनविषयक मजकुरासाठी त्यात मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ आणि तेलुगूची सोय झाली, आणि शब्दरूपांचा प्रश्न तिथे भाषाशास्त्रीय पद्धतीने हाताळला गेला. मराठीपुरते ते यासीच्या कितीतरी पुढे आहे. पण संधान मध्यवर्ती सर्व्हरवर चालणारे, म्हणून त्याचा विषय आणि त्याचे आयुष्य प्रकल्पच ठरवणार. त्या कामातले शब्दरूपांचे ज्ञान यासीसारख्या विकेंद्रित चौकटीत आणणे हाच खरा पुढचा टप्पा आहे.

तिसरा आक्षेप जोडणीचा. बाहेरून ज्याच्यापर्यंत पोचता येते अशा संगणकाला यासी ‘सीनियर’ मानते, बाकीच्यांना ‘ज्युनियर’. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे खेड्यातला संगणक बहुधा ज्युनियरच राहतो: शोध घेता येतो, इतरांच्या शोधाला उत्तर देता येत नाही. जागतिक जाळ्याच्या दृष्टीने ही मोठीच अडचण आहे. तिथे आणखीही प्रश्न आहेत. खोट्या नोंदी घुसवणाऱ्यांना आळा म्हणून यासी निकाल दाखवण्याआधी मूळ पान उघडून शब्द खरोखर आहे का, हे पाहू शकते, पण त्यात डेटा आणि वेळ जातो. शब्दांऐवजी त्यांचे संकेत पाठवले, तरी नेहमीच्या शब्दांचे संकेत शब्दकोश हाताशी धरून उलगडता येतात, तेव्हा गोपनीयतेची हमी पुरी नसते. ‘रॉबिन्सन’ या रीतीत हे सगळेच प्रश्न आटोक्यात येतात. तिथे सूची बाहेर वाटली जात नाही. ठरवलेल्या ओळखीच्या संगणकांचा गट एकमेकांना विचारतो. भोरमधल्या वाचनालयातला एक संगणक आणि वेल्ह्यातल्या महाविद्यालयातला दुसरा, यांपैकी प्रत्येकाची सूची वेगळी आणि शोध एकत्र, एवढ्यावर काम भागते. त्यासाठी निदान एका ठिकाणी बाहेरून पोचता येईल असा पत्ता असलेली ब्रॉडबँड जोडणी, वीज गेली तरी सूची न बिघडता यंत्र बंद होईल एवढा बॅटरीचा आधार आणि नवे कागद वेळच्या वेळी आत घालणारा एक जबाबदार माणूस लागतो.