डिसूझा, नेव्हिल

डिसूझा, नेव्हिल : (१९३२–१९८०). भारतीय फुटबॉल संघाचे सेंटर फॉरवर्ड. जन्म गोव्यातील आसगाव (बार्देश) येथे, कारकीर्द मुंबईत. धाकटे बंधू डेरेक हेही फुटबॉलपटू. नेव्हिल यांचे नाव निघते ते मेलबर्न ऑलिम्पिकमधील एका सामन्यासाठी. १ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व फेरीत भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले आणि त्यातले तीन गोल नेव्हिल यांचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. मात्र त्यांची खरी योग्यता या हॅटट्रिकपेक्षा तीन दिवसांनी केलेल्या चौथ्या गोलात दिसते, आणि नेमका तोच गोल फारसा कोणी सांगत नाही.

हॅटट्रिकवर घेतले जाणारे आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. स्पर्धेत अवघे अकरा संघ उतरले होते, हंगेरी न आल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती आणि ऑस्ट्रेलिया तेव्हा फुटबॉलमधली मोठी ताकद नव्हती. ऑलिम्पिकनंतर लगेच सिडनीत भारताने त्यांना ७–१ असे धुतले, यावरून मेलबर्नचा विजय नशिबाचा नव्हता हे सिद्ध होते; प्रतिस्पर्धी बलाढ्य होता हे मात्र होत नाही. पण हाच निकष इतरांनाही लावायला हवा. नेव्हिल यांच्याबरोबरीने प्रत्येकी चार गोल करून संयुक्तपणे अव्वल ठरलेल्यांपैकी युगोस्लाव्हियाचे तोडोर वेसेलिनोविच यांचे तीन गोल अमेरिकेला ९–१ असे चिरडताना झाले होते.

चौथा गोल ४ डिसेंबरला याच युगोस्लाव्हियाविरुद्ध, उपांत्य सामन्यात झाला. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये या देशाने भारताला १०–१ असे लोळवले होते. तेव्हा आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीतला मेलबर्नचा संघ बूट घालून उतरला आणि ५२व्या मिनिटाला नेव्हिल यांनी त्याला आघाडी मिळवून दिली. ती जेमतेम दोन मिनिटे टिकली आणि भारत १–४ असा हरला. हेलसिंकीचे बडे युगोस्लाव्ह खेळाडू या संघात नव्हते, हे खरे. तरीही त्या संघाने रौप्यपदक मिळवले. कांस्यपदकाच्या लढतीत भारत बल्गेरियाकडून ०–३ असा हरून चौथा आला.

आणखी एक शंका घेतली जाते : कंपनीत नोकरी करून खेळणाऱ्याला व्यावसायिक खेळाडूंच्या तोलाचे कसे मानायचे? नेव्हिल टाटा स्पोर्ट्स आणि कॅल्टेक्स या कंपनी संघांकडून खेळले. कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषकही जिंकला. त्या काळी पश्चिम भारतात फुटबॉलवर पोट भरायचे तर वाट हीच होती, आणि त्यासाठी खेळाडू आसगावचा असो की वऱ्हाडातल्या रिसोडचा, त्याला मुंबई गाठावी लागे. पण कारखान्याच्या संघातून खेळणे हे कमअस्सलपणाचे लक्षण नव्हे. पोलंडचे ग्रझेगोर्झ लाटो १९७४च्या विश्वचषकात सात गोलांसह अव्वल ठरले, तेव्हा ते स्ताल मिएलेट्स या विमान कारखान्याच्या संघाचेच खेळाडू होते. फरक खेळाडूंच्या दर्जापेक्षा त्यांच्यामागच्या व्यवस्थेत होता. पोलंडमध्ये अशा संघांना राज्यसत्तेचा भक्कम आधार होता. मुंबईत संघ ठेवायचा की मोडायचा, हे कंपनी ठरवी.

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू झाले. त्या यादीत नेव्हिल यांचे नाव नाही. भारताचा फुटबॉल संघ १९४८ ते १९६० या काळात चार ऑलिम्पिक खेळला. त्यात त्याने केलेल्या एकूण दहा गोलांपैकी चार एकट्या नेव्हिल यांचे आहेत.